डिसेंबरची पार्क सहल: बुलढाण्याहून निघताना कपड्यांवर किती खर्च करावा?

चौघांच्या कुटुंबाने नाताळच्या सुट्टीत इमॅजिका किंवा शिर्डीचं वॉटर पार्क ठरवलं की तिकीट, गाडी, लॉज आणि जेवण यांचा हिशेब आधीच मांडला जातो. कपड्यांचा मात्र कुणी मांडत नाही. त्यातले निम्मे पैसे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी चिखली-खामगावच्या दुकानात जातात आणि उरलेले पार्कच्या दारात. दोन्हीकडे घाईचा भाव द्यावा लागतो. नीट ठरवलं तर हा खर्च दीड ते दोन हजारांत बसतो. न ठरवता चार नवे स्वेटर, चार कॉस्च्युम आणि किरकोळ खरेदी मिळून तो सहज पाच हजारांच्या वर जातो.

आधी ठिकाण, मग बॅग

आपल्या जिल्ह्यातून थंडीत दोन सहली जास्त होतात. पहिली शिर्डीची. साईबाबांचं दर्शन, शेजारचं ‘साई तीर्थ’ हे भक्तिपर थीम पार्क आणि ‘वेट एन जॉय’ वॉटर पार्क, असं सगळं एकाच मुक्कामात होतं. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून मेहकर, सिंदखेड राजा या भागातल्या लोकांना ही वाट फार सोपी झाली आहे. दुसरी सहल खोपोलीजवळच्या इमॅजिकाची. तिथलं थीम पार्क २०१३ साली सुरू झालं. त्यानंतर वॉटर पार्क आणि स्नो पार्क आले. तिन्हींची तिकिटं वेगळी असतात आणि कपडेही वेगळे लागतात. म्हणून आपण नेमकं कोणतं तिकीट काढतोय हे ठरल्याशिवाय एकही कपडा विकत घेऊ नका.

शिर्डीच्या बॅगेत एक जोड जास्तीचा लागतो. भाविकांनी दर्शनाला सभ्य पोशाखात यावं, असं आवाहन करणारे फलक साईबाबा संस्थानने डिसेंबर २०२० मध्ये लावले होते. हाफ पँट किंवा बिनबाह्यांच्या कपड्यांवर थेट रांगेत उभं राहण्यापेक्षा साडी, सलवार-कुर्ता किंवा शर्ट-पँट असा साधा जोड वेगळा ठेवा. तो पार्कच्या पिशवीत नेऊ नका, लॉजवरच राहू द्या.

तासांचा हिशेब

घाटावरच्या माणसांची नेहमीची चूक म्हणजे गावच्या थंडीवरून बॅग भरणं. बुलढाणा शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. थंडीची लाट आली की पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि मग घरातलं सगळं लोकरीचं सामान बॅगेत जातं. खोपोली मात्र कोकणाच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी आहे. तिथे डिसेंबरच्या दुपारीही तापमान तीस अंशांच्या आसपास असतं. शिर्डीला दुपारी ऊन लागतं आणि रात्री गारठा. त्यामुळे दिवसाच्या कोणत्या तासाला काय अंगावर असेल, हे पाहून बॅग भरा.

*प्रवास आणि पहाट.* थंडीशी खरी गाठ इथेच पडते. मलकापूर-शेगावहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस धरली तर गाडी पहाटेच्या वेळी इगतपुरीवरून कसारा घाट उतरते. स्लीपरच्या खिडकीतून येणारं वारं अंगाला झोंबतं. प्रत्येकाला एक स्वेटर, एक कानटोपी आणि एक जोड मोजे पुरतात, शिवाय दोघांत मिळून एक शाल. हे सामान बॅगेच्या तळाशी न ठेवता हाताशी येणाऱ्या पिशवीत ठेवा. रेल्वेत स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो आणि द्वितीय श्रेणीच्या प्रवाशाला ३५ किलो सामान मोफत नेता येतं, पण कल्याणला उतरून खोपोलीची लोकल पकडताना पाच किलोचं ओझंही जड होतं.

*दहा ते बारा.* ऊन असतं, पण पाणी गार असतं. थीम पार्कच्या कोरड्या राइड याच वेळात उरका. शिर्डीला आधी साई तीर्थ आणि मग पाणी, असा क्रम ठेवा. उलट केलं तर ओल्या केसांनी वातानुकूलित सभागृहात बसावं लागतं आणि मुलं दुसऱ्या दिवशी शिंकत परततात.

*बारा ते तीन.* पाण्यासाठी हीच वेळ चांगली. तीन वाजता बाहेर या, अंग पुसा आणि कोरडे कपडे घाला. ओलं कापड वाऱ्याने वाळताना अंगातली ऊब घेऊन जातं, म्हणून भर उन्हातही मुलं कुडकुडताना दिसतात.

*संध्याकाळ.* सुती कपड्यांवर पूर्ण बाह्यांचा एक थर पुरेसा होतो. मोटारीने परतत असाल तर ओल्या केसांवर कानटोपी हवीच.

स्नो पार्कसाठी जाड जाकीट विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. जाकीट आणि बूट तिथेच मिळतात. घरून जाड मोजे आणि पूर्ण लांबीची पँट तेवढी न्या.

पाण्यात नायलॉनच का?

वॉटर पार्कच्या दारात सर्वाधिक वाद याच नियमावरून होतात. सुती कपडे, जीन्स, साडी आणि सलवार-कुर्त्यावर पाण्यात उतरू देत नाहीत. त्यामागे कारणं आहेत. सूत पाणी शोषून जड होतं, त्याचे तंतू सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात आणि कच्चा रंग पाण्यात उतरतो. सैल कपडा घसरगुंडीवर गुंडाळला जातो. धातूची चेन किंवा बटण घसरगुंडीच्या फायबरला ओरखडे पाडतं आणि मागून येणाऱ्याची कातडी सोलतं.

लेबलवर नायलॉन, पॉलिस्टर, लायक्रा किंवा स्पँडेक्स यांपैकीच नावं असली की कापड चालतं. लेबल नसेल तर कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. लगेच शोषला गेला तर त्यात सूत आहे असं समजा. इलॅस्टिकबरोबर आतून नाडी असलेलीच पँट घ्या, कारण ओलं झाल्यावर नुसतं इलॅस्टिक सैल पडतं. महिलांसाठी पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा आणि खाली लेगिंग असलेला कॉस्च्युम मिळतो. तोकड्या कपड्यांच्या संकोचाने काठावर बसून राहायची गरज नाही. तान्ह्या मुलांना साधा डायपर चालत नाही, पाण्यात घालायचा वेगळा मिळतो. तो औषधाच्या दुकानातून एक-दोन नगच घ्या.

विकत, भाड्याने की उसना?

बहुतेक वॉटर पार्कमध्ये कॉस्च्युम भाड्याने मिळतो. अनामत रक्कम वेगळी भरावी लागते आणि कपडा परत केल्यावर ती मिळते. साधं गणित करू. भाडं माणशी १५० रुपये धरलं तर चौघांचे ६०० होतात. बाजारातून चौघांचे साधे कॉस्च्युम घेतले तर सुमारे १,८०० रुपये लागतात. म्हणजे पार्कमध्ये तीन दिवस घालवले तरच विकत घेतलेले फिटतात. दोन-तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्या कुटुंबाने सरसकट सगळ्यांचे विकत घेणं परवडत नाही. तोवर मुलांच्या अंगाला ते येतही नाहीत.

तरीही सगळं पैशावरच तोलू नये. भाड्याच्या ढिगाऱ्यात मापाचा आणि अंग झाकणारा कॉस्च्युम मिळेलच याची खात्री नसते आणि दुसऱ्याने घातलेला कपडा घालणं अनेकांना नको वाटतं. त्यामुळे विभागणी अशी करावी:

- आई आणि मोठी मुलगी: विकत घ्या. माप आणि संकोच दोन्ही प्रश्न सुटतात.
- बाबा: घरात बिनखिशाची, बिनचेनची पॉलिस्टरची खेळायची हाफ पँट आणि जर्सी असेल तर ती चालते का, हे पार्कला फोन करून विचारा. नसेल तर भाड्याने.
- लहान मुलगा: आते-मामे भावंडांचा उसना आणा. नाही जमलं तर भाड्याने.

भाड्याचा कपडा घेताना शिवण, इलॅस्टिक आणि डाग काउंटरवरच दाखवून घ्या आणि अनामतीची पावती जपून ठेवा. फाटल्याचे पैसे कापतात तेव्हा भांडण इथूनच सुरू होतं.

कोरड्या राइडसाठी

इमॅजिकातली ‘नायट्रो’सारखी मोठी राइड असो की लहान मुलांचा पाळणा, सैल लोंबणारी वस्तू अंगावर नको. ओढणी, मफलर, लांब माळ आणि सुटे केस हे फिरत्या भागाजवळ धोक्याचे असतात. महिलांसाठी कुर्ती-लेगिंग किंवा ट्रॅक पँट सोयीची. चप्पल पायातून निसटते, त्यामुळे मागे पट्टा असलेली सँडल किंवा रोजचे बूट घाला. नवे बूट मात्र सहलीच्या दिवशी घालू नका. दिवसभर उन्हात चालायचं असतं, फोड येणारच. चष्म्याला मागून दोरी बांधा. काही कोरड्या राइडवरही पाणी उडतं, म्हणून मुलांसाठी एक जादा टी-शर्ट पिशवीत असू द्या.

चौघांसाठी बॅग (दोन रात्रींचा मुक्काम)

- प्रत्येकी बाहेरचे सुती जोड ३ (त्यातला एक दर्शनाचा), रात्रीचा १, अंतर्वस्त्रं ४
- प्रत्येकी स्वेटर १, कानटोपी १, मोजे २ जोड
- दोन शाली आणि चार पंचे. जाड टर्किश टॉवेल नको, तो वाळत नाही आणि जागा खातो. पंचा तासाभरात वाळतो.
- पाण्याचे कपडे, लांब केस असलेल्यांसाठी पाण्यातली टोपी
- उन्हाची टोपी किंवा रुमाल
- रबरी सँडल
- ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची चेनवाली साडीची दोन कव्हरं. ही जवळपास प्रत्येक घरात पडून असतात.
- वाळत घालायला दोरी आणि सहा चिमटे

पार्कमध्ये नेण्याची पिशवी वेगळी आणि लहान करा. त्यात पाण्याचे कपडे, पंचे, कोरडा एक जोड आणि एक शाल एवढंच असावं. लॉकरचं भाडं सहसा आकारानुसार असतं. चौघांचं सामान एकाच लॉकरमध्ये मावलं की तिथेही पैसे वाचतात.

अंदाजे खर्च

पुढचे आकडे साध्या, बिनब्रँडच्या मालासाठी धरले आहेत. गाव आणि दुकानानुसार थोडे वर-खाली होतील.

- आईचा पूर्ण कॉस्च्युम: ७०० रुपये
- मुलीचा कॉस्च्युम: ५०० रुपये
- बाबा आणि मुलगा, एका दिवसाचं भाडं: ३०० रुपये
- पाण्यातल्या टोप्या दोन: २०० रुपये
- मोबाईलचं पाणबंद पाऊच: १०० रुपये
- दोरी, चिमटे: १०० रुपये
- स्वेटर, शाली, पंचे, सँडल: घरचे

एकूण १,९०० रुपये. मुलाचा कॉस्च्युम उसना मिळाला आणि बाबांचं घरच्या कपड्यांवर भागलं तर १,६०० रुपये. एखाद्या मुलाचा स्वेटर खरोखरच तोकडा झाला असेल तर थंडीत शहरांतून लागणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडे एकच घ्या, पण पुढची दोन वर्षं चालेल असा एक माप मोठा.

शाळेची सहल असेल तर

शैक्षणिक सहलीसाठी एसटीची गाडी ५० टक्के सवलतीत मिळते, त्यामुळे जिल्ह्यातल्या शाळा डिसेंबर-जानेवारीत लांबचा पल्ला गाठतात. मुलाच्या सगळ्या कपड्यांवर आतून नाव लिहा. एकाच बाजारातून घेतलेल्या पन्नास निळ्या हाफ पँटांत आपली ओळखता येत नाही. कॉस्च्युमचं भाडं सहलीच्या वर्गणीत धरलं आहे का, हे शाळेला आधीच विचारा.

दुकानात पैसे देताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला आणि पादत्राणाला ५ टक्के जीएसटी लागतो. पूर्वी हजारावरच्या कपड्याला १२ टक्के होता. एखादा दुकानदार अजून १२ टक्के लावत असेल तर बिल दाखवून विचारा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नका, मग दुकान गावातलं असो की पार्कच्या आतलं. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. हा हक्क सदोष मालापुरता आहे. माप चुकलं म्हणून ओला केलेला कॉस्च्युम कुणी परत घेणार नाही, तेव्हा माप घरी कोरड्या कपड्यावरच तपासा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

खरेदी निघण्याच्या आठवडाभर आधी करा, पार्कला एक फोन करून कपड्यांचा नियम आणि भाडं विचारून घ्या आणि बिल सहलीहून परत येईपर्यंत फेकू नका. चौघांच्या कपड्यांवर दोन हजारांपेक्षा जास्त खर्च होत असेल तर यादीतली एखादी वस्तू नक्कीच घरात आहे. आधी कपाट उघडा, मग दुकान गाठा.