काजूच्या टरफलातील तेल आणि कीडनियंत्रण

कोकण आणि गोव्यात मार्च ते मे या हंगामात जमा झालेल्या काजू बिया कारखान्यांत पुढे अनेक महिने फोडल्या जातात, आणि बीच्या वजनात गराचा वाटा जेमतेम पंचवीस ते तीस टक्के असल्यामुळे टरफलांचे ढीग गरापेक्षा कितीतरी मोठे होतात. हे टरफल बहुधा बॉयलरखाली जाळले जाते, तेव्हा निघणाऱ्या झोंबणाऱ्या धुराबरोबर त्यातील मोलाचे द्रव्यही नष्ट होते.

टरफलाच्या दोन कठीण थरांमध्ये पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यात दाट, तपकिरी तेल साठलेले असते. या तेलातील सर्वांत मोठा घटक म्हणजे अनाकार्डिक आम्ल, म्हणजेच कीटकांच्या शरीरातील काही आवश्यक विकरांचे (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचे) कार्य रोखणारे सेंद्रिय आम्ल. डासांच्या अळ्यांवर त्याचा परिणाम प्रयोगशाळेत दिसून आला आहे. मात्र तेल सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल तयार होते, जे रंग व ब्रेक लायनिंगच्या उद्योगाला हवे असते. म्हणून कीडनियंत्रणासाठी लागणारे तेल भाजणीच्या नव्हे, तर वाफेवर शिजवून फोडलेल्या बियांच्या टरफलांतून, एक्सपेलरमध्ये न तापवता दाबून काढलेले असावे. उरलेली पेंड नंतरही इंधन म्हणून चालते, त्यामुळे कारखानदाराने आधी तेल काढावे आणि मगच जाळावे, हेच शहाणपणाचे.

शुद्ध आम्ल वेगळे करायचे असल्यास तेल मिथेनॉलमध्ये विरघळवून त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, मिसळतात. आम्लाचा कॅल्शियम क्षार साका होऊन खाली बसतो, कार्डोल व कार्डानॉल हे तेलातील इतर घटक द्रावणात राहतात, आणि गाळलेल्या साक्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया केली की अनाकार्डिक आम्ल मोकळे होते. मिथेनॉल विषारी व ज्वलनशील असल्याने हे काम घरी किंवा वाडीत कदापि करू नये; ते रसायनतज्ज्ञ असलेल्या युनिटचेच आहे.

बागायतदाराने कच्चे तेल ढेकण्या किंवा अन्य किडींसाठी पालवी-मोहोरावर फवारू नये, कारण ते पाने करपवू शकते, आणि कीटकनाशक कायदा, 1968 प्रमाणे नोंदणी नसलेले कीटकनाशक विकताही येत नाही. या तेलाचा खात्रीचा उपयोग लाकडाला आहे: होड्यांच्या फळ्यांना ते पूर्वापार लावले जाते, आणि कुंपणाच्या खांबांना वाळवीपासून वाचवण्यासाठी पावसाळ्यापूर्वी, लाकूड कोरडे असताना, त्याचे हात द्यावेत.

बिब्ब्याच्याच कुळातले हे तेल कातडी भाजते. बिया फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची काळवंडलेली, सोललेली टोके त्याची साक्ष देतात. म्हणून ते हाताळताना जाड रबरी हातमोजे घालावेत, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि टरफले पावसाआधी कोरड्या, हवेशीर जागी, गुरे व मुले पोचणार नाहीत अशी ठेवावीत.