सिवनीचा शिक्का

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती विचारायला लोक टपलेले असतात. मी बायकोला न सांगता गेलो नव्हतो. तिच्या तोंडून 'जा' निघालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, 'पहिलटकरीण आहे, तारखेच्या पुढेच जाईल बहुधा.' सासरे फोनवर म्हणाले होते, 'या फिरून, जावईबापू, इथं आम्ही आहोत ना.' तीन साक्षीदार होते माझे. आज त्यांतला एकही साक्ष द्यायला तयार नाही, तो भाग निराळा.

आणि नुसती हौस म्हणून गेलो असंही नाही. बीआरएमचा, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकल राइडचा, हंगाम 31 ऑक्टोबरला संपतो. त्या हंगामात 200, 300 आणि 600 किलोमीटरच्या राइड माझ्या खात्यात जमा होत्या. 400 तेवढी राहिली होती. एकदा टायर फाटला, एकदा पोटाने दगा दिला. चारही एकाच हंगामात झाल्या तर माणूस 'एसआर', म्हणजे सुपर रँडोनर. एक हुकली की 1 नोव्हेंबरला पाटी कोरी, पुन्हा 200 पासून सुरुवात. डॉक्टरांनी दिलेली तारीख नोव्हेंबरच्या मध्यातली, शेवटची 400 ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी. बायको वर्ध्याला माहेरी, मी नागपुरात. यात ज्याला मोह पडणार नाही त्याने मला शिकवायला यावं.

2017 साली आमच्या गावचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ या दोघांनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका एकेकट्याने पुरी केली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून पार पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत, बारा दिवसांच्या आत. तेव्हापासून नागपुरात माझ्यासारखे कितीतरी कारकून पहाटे साडेचारला उठून अमरावती रोडला लागले. पण त्या रेसमध्ये सायकलस्वाराच्या मागे गाडी असते, गाडीत माणसं असतात, त्याला काय खायचं, कधी झोपायचं ते तीच सांगतात. बीआरएमचं तसं नाही. नियमाप्रमाणे ही रेससुद्धा नाही. पहिला-दुसरा नंबर नसतो, फक्त वेळेची मर्यादा. 400 ला 27 तास. मागे गाडी चालत नाही. मदत घ्यायची तर कंट्रोलवरच, जिथे कार्डावर शिक्का मारतात तिथे. मला हा नियम तोंडपाठ होता. म्हणूनच मी भाऊला गाठलं.

त्याचं नाव घेत नाही. आमच्यात सगळे एकमेकांना 'भाऊ'च म्हणतात, तेव्हा भाऊच. तो त्या दिवशी सिवनीच्या कंट्रोलवर होता, गाडीसकट. मी जाताना आणि येताना, दोनदा सिवनीवरून जाणार. म्हणून त्याचा नंबर साळ्याला दिला. मनसरच्या पुढे जंगलात रेंज जाते-येते, रेंज शोधण्यात बॅटरी उतरते, त्यामुळे माझा फोन बंदच राहणार होता. 'काही झालं की भाऊला फोन कर. तो मला गाडीत घालून आणेल,' असं सांगितलं. भाऊने छातीवर हात मारून सांगितलं, 'तू काऊन टेन्शन घेतं बे, मी आहो ना.'

पहाटे पाचला झिरो माइलपासून निघालो. मागच्या पिशवीत इलेक्ट्राल, दोन ट्यूब, केळी आणि डिंकाचे सहा लाडू. लाडू आईने सुनेच्या बाळंतपणासाठी केले होते. डबा मीच वर्ध्याला पोचवणार होतो, त्यातले सहा काढून घेतले. दमाचं खाणं म्हणून डिंकाच्या लाडवाला तोड नाही, हे आजही सांगेन.

जाण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कामठी, कन्हान, मनसर, उजवीकडे रामटेकची टेकडी उजळलेली. खवासा ओलांडून मध्य प्रदेश, कुरईचा घाट, सिवनी, वैनगंगेवरचं छपारा, लखनादौन, तिथून थोडं पुढे जाऊन वळण. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आणि परतताना वारा तोंडावर.

रात्री 8 वाजून 42 मिनिटांनी पुन्हा सिवनी. भाऊने शिक्का मारला, वेळ लिहिली. मी हेल्मेट काढायच्या आत पहिलं हेच विचारलं, 'घरचा फोन?' तो म्हणाला, 'आला होता. सगळं ओके. आरामात ये म्हणाले.' मग त्याने मला खिचडी वाढली, वरून तूप घातलं, पुन्हा घातलं. माझ्या दोन्ही चाकांची हवा बघितली. सहा वर्षांत या माणसाने कोणाच्या चाकाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. तेव्हा वाटलं, किती जीव लावतो. आता वाटतं, माझ्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून तो चाकाकडे बघत होता.

खरं काय झालं होतं? साळ्याने 8 वाजून 10 मिनिटांनी त्याला फोन केला होता. पाणी गेलं, दवाखान्यात नेतोय, भाऊजींना सांगा. त्यावर याचं उत्तर, 'तो जंगलात आहे, रेंज नाही, आला की सांगतो.' मी तेव्हा जंगलात नव्हतो. सिवनीपासून दहा-बारा किलोमीटरवर, सपाट रस्त्यावर, ट्रकच्या लाल दिव्यांमागे पायडल मारत होतो.

कुरईच्या घाटात पंक्चर झालं. पुढे प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उंचावर नेलाय, बाजूला उजेड आणि आवाज अडवणाऱ्या भिंती. रात्री एकटं त्या भिंतींमधून जाताना आपल्याच श्वासाचा आवाज मोठा होतो. मी मजेत होतो, हे कबूल करतो. मुलाला मोठेपणी ही रात्र कशी सांगायची याची जुळवाजुळव करत होतो. तोवर त्याची ती होऊन गेली होती.

देवलापारच्या ढाब्यावर चहाला थांबलो तेव्हा रात्रीचे 2 वाजले होते. वेळ बघायला म्हणून फोन सुरू केला, वेळ तर घड्याळातही दिसत होती. फोन हातातच थरथरायला लागला तो थांबेना. साळ्याचे नऊ मिस्ड कॉल. बायकोचे दोन. मग फोटो: पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, मुठी आवळलेलं, कोणावर तरी भयंकर चिडलेलं तोंड. खाली लिहिलेलं, 'मुलगी. 11.52. सिझर. दोघी ठीक.'

त्या फोटोवर संपलं असतं तर मी हे लिहायलाच बसलो नसतो. त्याखाली आमच्या राइडचा ग्रुप होता. 61 मेसेज. पहिला भाऊचा, 8 वाजून 51 मिनिटांनी पाठवलेला. म्हणजे मी समोर बसून त्याची खिचडी खात होतो तेव्हाचा. 'आपला गडी आज बाप होतोय. कोणी त्याला काही बोलू नका. फिनिशला सरप्राईज देऊ.' खाली अंगठे, टाळ्या, सायकली. कोणीतरी केकचं विचारलेलं, एकाने गुलाबी की निळा असा कौल घेतलेला. बारानंतर साळ्याने भाऊला कळवल्यावर कौलाचा निकालही लागलेला. माझी मुलगी जन्मली हे चाळीस लोकांना माझ्या दोन तास आधी ठाऊक होतं. त्यातले सात-आठ तर त्याच रस्त्यावर माझ्या मागेपुढे होते. खवासाच्या अलीकडे एकाने मला मागे टाकताना उगाचच 'जबरदस्त, भाऊ!' अशी आरोळी मारली होती. तिचा अर्थ मला देवलापारला लागला.

ढाबेवाल्याने विचारलं, 'क्या हुआ भाईसाब?' मी फोन पुढे केला. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

आता पुढचं बायकोला मी अजून सांगितलेलं नाही. ती वाचेल तर वाचेल. फोटो बघितल्यावर मी उठलो नाही. मी हिशेब केला. नागपूर 65 किलोमीटर. मुदत सकाळी 8 पर्यंत. सहा तास हातात. रखडत गेलो तरी दीड तास उरतो. मुलगी झालेलीच आहे, दोघी ठीक आहेत, मग आता चार तासांनी काय बिघडतं? अकरा मिनिटं हा हिशेब चालला. मग सासूबाईंचा नंबर लावला. त्यांनी एकच विचारलं, 'झाली का सायकल?' तेवढ्यावर मी हेल्मेट काढलं, सायकल ढाबेवाल्याच्या खोलीत ठेवली आणि कामठीच्या आतेभावाला उठवलं. वर्ध्याला पोचायला साडेपाच झाले. कार्डावर शेवटचा शिक्का सिवनीचाच. निकालात माझ्यासमोर डीएनएफ, म्हणजे 'राइड अपूर्ण'.

भाऊ नाराज झाला. होय, तो नाराज झाला. म्हणाला, 'सांगतलं असतं तं तू सोडून दिलं असतं ना बे, एसआर गेलं असतं. अन् निघाला असता तरी बाराच्या आत वर्ध्याला पोचला असता काय?' आणि केक वाया गेला याचं त्याला वेगळं दुःख.

हिशेबाने तो बरोबर आहे. सिवनी ते वर्धा दोनशेच्या वर किलोमीटर, गाडीने चार तास. 11.52 मला सापडली नसतीच. पण साडेदहाला बाळाचे ठोके कमी होताहेत म्हणून सिझर ठरलं. सह्या घेतल्या, नातेवाइकाच्या जागी सासऱ्यांनी सही केली. आत नेण्याआधी तिने फोन मागितला. दोनदा लावला. ते दोन मिस्ड कॉल. मी भाऊच्या गाडीत असतो तर फोन सुरू असता. मी 'हॅलो' म्हणालो असतो. एवढंच. हे त्याला दोन वर्षांत तीनदा समजावलं. त्याचं दरवेळी एकच, 'पण दोघी ठीक आहेत ना?'

तर ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे आणि सायकलही आहे, त्यांच्यासाठी.

निरोप्या निवडताना चुकू नका. ज्याला तुमच्या फिनिशमध्ये रस आहे त्याला तुमच्या घरचा निरोप सोपवू नका, मग तो कितीही सज्जन असो. भाऊ वाईट नाही. चारशेपैकी दोनशे त्र्याहत्तर झाले की सायकलवाल्याला पुढचे एकशे सत्तावीसच दिसतात. मला नव्हते का दिसले, ढाब्यावर? असा माणूस शोधा ज्याला बीआरएम म्हणजे काय हे ठाऊकच नाही. आतेभाऊ, शेजारी, ऑफिसातला तो कंटाळवाणा सहकारी. आणि त्याला 'काही झालं तर' असं मोघम सांगू नका. लिहून द्या: पाणी गेलं, कळा सुरू झाल्या, रक्त दिसलं, यांतलं काहीही झालं की मला थांबवायचं. ठीक आहे की नाही ते ठरवायचं काम त्याचं नाही.

कंट्रोलवर निरोप ऐकू नका. स्वतः फोन लावा आणि तिचा आवाज ऐका. दोन मिनिटं जातात. मी खिचडीला वीस घालवली. फोन बंद ठेवू नका, पॉवर बँकेचं वजन दोन-चार केळ्यांएवढं असतं. दोन कंपन्यांची सिमं घाला. जंगलाच्या पट्ट्यात एकीची रेंज गेली तरी दुसरीची मिळू शकते.

दिलेल्या तारखेवर जाऊ नका. नेमकी त्याच दिवशी जन्मणारी मुलं थोडीच. 37 आठवडे भरले की कधीही. माझ्यापुरता नियम आता असा की 36 वा लागला की दवाखान्यापासून दोन तासांच्या पलीकडे जायचं नाही. ती माहेरी असेल तर दोन तास माहेरापासून मोजायचे, आपल्या घरापासून नव्हे. ही चूक मीच केली आहे. चालवायचीच असेल तर कोंढाळीपर्यंत जाऊन या, नाहीतर घरात ट्रेनरवर घाम गाळा.

पाणी गेलं तर कळांची वाट न बघता दवाखाना गाठायचा. किती वाजता गेलं आणि रंग कसा होता ते लक्षात ठेवायचं, डॉक्टर तेच विचारतात. गाडी नसेल तर 108 किंवा 102. फाईल, रक्तगट, पैसे, बाळाची दुपटी एका पिशवीत. हे सगळं कोणीही सांगतं, मलाही सांगितलं होतं.

रजेचं मात्र कोणी सांगत नाही. केंद्र सरकारी नोकरीत वडिलांना 15 दिवस मिळतात, आणि ते बाळंतपणाच्या आधी 15 दिवसांपासूनही घेता येतात. मी सगळे 'नंतरसाठी' राखून ठेवले होते. खासगीत कायद्याने काहीच नाही, तिथे साहेबाच्या मर्जीवर.

आणि बायको 'जा' म्हणाली तर ती कशी म्हणाली ते ऐका. माझी बायको भाजी निवडत होती. मान वर केली नव्हती.

सायकल ढाब्यावर नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी मी स्वतः जाऊन आणली. भाऊ 'मी आणतो' म्हणत होता, म्हटलं नको. ग्रुप सोडलेला नाही, फक्त म्यूट केलाय. एसआर पुढच्या हंगामात झाली, 400 सकट. त्या वेळी सिवनीच्या टेबलावर दुसराच कोणी होता आणि खिचडीत तूप नव्हतं.

राहता राहिले डिंकाचे लाडू. आईने डबा भरताना सासूबाईंना फोनवर आकडा सांगितला होता, चाळीस. वर्ध्याला डबा उघडला तेव्हा चौतीस निघाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बाराव्या दिवशी बारशाला सगळे जमले असताना त्यांनी माझ्या ताटात एक लाडू वाढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, 'सातवा.'