नवा सर्व्हर उभा करण्याआधी

विंडोज सर्व्हर २०२५ आणायचं ठरवलंस, चांगलं केलंस. सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७ ला संपते, चालढकल परवडणारी नाही. पण एक लक्षात ठेव. नव्या आवृत्तीत काय मिळालं हे सगळेच सांगतात, तू आधी काय बंद झालं ते वाच. काम अडतं ते तिथेच.

रात्रीच्या बॅकअपचंच घे. कोपऱ्यात जुना नॅस असतो, आणि ज्याने तो लावला त्याने पासवर्डची कटकट नको म्हणून गेस्ट ॲक्सेस उघडा ठेवलेला असतो. २०१६ वर हे बिनबोभाट चालतं. २०२५ मात्र दुसऱ्या मशीनच्या शेअरवर जाताना एसएमबी साइनिंग मागतोच. साइनिंगची किल्ली लॉगिनमधून तयार होते. गेस्टला पासवर्डच नाही, मग किल्ली कुठून येणार? म्हणून पॉलिसीत जाऊन गेस्ट लॉगिन चालू केलंस तरी शेअर उघडत नाही, आणि माणूस तासन्‌तास केबल तपासत बसतो. उपाय सोपा आहे: नॅसवर बॅकअपसाठी वेगळा युजर काढ, फर्मवेअर अपडेट कर, साइनिंग चालू कर. ‘सर्व्हरवरचं साइनिंग बंद करून टाकू’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. एका जुन्या डब्यासाठी अख्ख्या सर्व्हरची कडी काढून ठेवायची नाही. डबा बदलायचा.

स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणाऱ्या मोठ्या कॉपिअरचीही अशीच गोष्ट. जुने कॉपिअर एनटीएलएमच्या पहिल्या आवृत्तीने लॉगिन करतात, आणि ती २०२५ मधून काढूनच टाकली आहे. हे स्थलांतराच्या दिवशी कळायला नको. आजच्या सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ नंबरचे इव्हेंट उघड आणि खालच्या भागात पॅकेजच्या नावाची ओळ बघ. तिथे ‘एनटीएलएम व्ही १’ दिसलं की त्याच इव्हेंटमधून मशीनचा पत्ता टिपून घे. हे निदान महिनाभर कर. काही मशीन फक्त महिनाअखेरीला जागी होतात, आठवड्याच्या लॉगमध्ये ती सापडत नाहीत.

डोमेन कंट्रोलरची तयारी याहून जुनी दुखणी बाहेर काढते. २०२५ चा डीसी आरसी४ वापरून केरबेरॉसचं पहिलं तिकीट देत नाही, त्याला एईएस लागतं. आता एईएसची किल्ली बनते ती पासवर्ड बदलताना. ज्या सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड सर्व्हर २००३ च्या जमान्यात ठेवला आणि ‘कधीच एक्स्पायर होऊ नये’ अशी खूण करून विसरले, त्याच्यापाशी ती किल्लीच नसते. सगळ्या सर्व्हिस अकाउंटची यादी काढ, पासवर्ड शेवटचा कधी बदलला त्या तारखेने लाव, आणि सर्वांत जुन्यापासून बदलायला घे. आधी ती सर्व्हिस कुठल्या कुठल्या मशीनवर चालते ते शोध, नाहीतर एकीकडे बदलशील आणि दुसरीकडे अकाउंट लॉक होईल.

२०१२ आर२ वरूनही थेट २०२५ वर अपग्रेड करता येतं. फाइल सर्व्हरला हरकत नाही. डीसीला मात्र तसं करू नकोस. नवी मशीन उभी कर, तिला डीसी कर, रोल हलव, मग जुनीला निवृत्त कर. नव्याने उभ्या केलेल्या डीसीलाच ३२ के पानांचा डेटाबेस मिळतो, विंडोज २००० पासून तो ८ के होता. अपग्रेड केलेला डीसी ८ के वरच राहतो. फॉरेस्टमधले सगळे डीसी तयार झाल्याशिवाय ३२ के चालू करता येत नाही, आणि एकदा केलं की मागे फिरता येत नाही. आपल्यासारख्या मध्यम डोमेनला त्याची घाई काहीच नाही.

हॉटपॅचिंगबद्दल, म्हणजे रीस्टार्टशिवाय पॅच बसवण्याबद्दल, सगळे विचारतील. अझ्युर आर्कला जोडलेल्या सर्व्हरला जुलै २०२५ मध्ये ते दर कोअरमागे महिन्याला दीड डॉलर दराने मिळू लागलं, १६ कोअरला २४ डॉलर. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चार महिन्यांत रीस्टार्ट लागतो, बाकीच्या महिन्यांत सहसा नाही. मला ही सोय मनापासून आवडते. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात महिन्याला डाउनटाइम मागणं किती जड जातं ते तू पाहिलंच आहेस. पण डॉट नेट, ड्रायव्हर यांचे पॅच त्यात येत नाहीत, त्यामुळे डाउनटाइमची वेळ हातची सोडू नकोस. आणि तिमाहीचा तो रीस्टार्ट तर कधीच टाळू नकोस. सर्व्हर बंद होऊन नीट वर येतो की नाही, हे त्याखेरीज कळत नाही.

डीसी रीस्टार्ट केलास की दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून बघ. सुरुवातीच्या काळात २०२५ चा डीसी रीस्टार्टनंतर डोमेनऐवजी भलतंच फायरवॉल प्रोफाइल धरून बसायचा. समोर बसलेल्याला सगळं ठीक दिसायचं, बाकीच्यांना डीसी सापडायचा नाही. जून २०२५ च्या पॅचने ते दुरुस्त झालं.

पॅच टूलमध्ये फीचर अपग्रेड आपोआप मंजूर होऊ देऊ नकोस. नोव्हेंबर २०२४ मध्ये काही ठिकाणी २०१९ आणि २०२२ चे सर्व्हर रातोरात २०२५ झाले, लायसन्स हातात नसताना.

शेवटी डीएमएसए. जुनं सर्व्हिस अकाउंट बदलून पासवर्डची जबाबदारी मशीनवर सोपवणारी ही सोय उत्तम आहे. पण मे २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की एखाद्या ओयूमध्ये नवं ऑब्जेक्ट बनवण्याचा साधा अधिकार असलेला माणूस हिच्या आडून डोमेन ॲडमिनपर्यंत पोचू शकतो. ऑगस्टमध्ये त्यावर पॅच आला. पहिला २०२५ चा डीसी डोमेनमध्ये घेण्याआधी तो पॅच बसव, आणि प्रत्येक ओयूवर असे अधिकार कुणाकुणाला दिलेत ते तपास. हेल्पडेस्कला पूर्वी दिलेले आणि कुणी परत न घेतलेले अधिकार त्यात हमखास निघतील.