जुन्या लॅपटॉपवर नवी विंडोज चढत नाही तेव्हा

दुकानात किंवा कारखान्यात लॅपटॉप आला की रोजमेळ, उधारी, बिले सारे त्यातच साठत जाते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढवण्याची वेळ येते आणि कधी कधी ते काम अर्ध्यावर अडते. अशा वेळी व्यापारी बांधवांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: आधी हिशेब वाचवायचा, मग मशीन. लॅपटॉप बाजारात दुसरा मिळतो, उधारीची नोंद मिळत नाही. शिवाय जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा लागतो.

अडचण साधारण चार प्रकारची असते.

१) टक्केवारी एका जागी थांबली : घाईने बटण दाबू नका. जुन्या हार्ड डिस्कवर या कामाला काही तास लागू शकतात. चार्जर लावलेला ठेवा. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजा. कित्येक तास काहीच हालचाल नसेल तरच बंद करा.

२) जुनी विंडोज परत आली : ही घाबरण्याची बाब नाही. फायली सहसा जागच्या जागी असतात. पडद्यावरचा सांकेतिक क्रमांक लिहून घ्या. त्यात ८००७००७० असेल तर डिस्कवर जागा कमी आहे. सी१९००१०१ असेल तर बहुधा एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर आडवा येतो. बिलाचा प्रिंटर, पेनड्राइव्ह, डोंगल काढून ठेवा, बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस काढून टाका, ड्रायव्हर नवे करा आणि मग पुन्हा प्रयत्न करा.

३) लॅपटॉप सुरूच होत नाही : दोन-तीनदा सुरू होताना अडला की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथे प्रथम 'स्टार्टअप रिपेअर' करा. त्याने भागले नाही तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मधून शेवटचे मोठे अपडेट काढा. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली तर ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. हिशेबाची प्रत बाहेर निघेपर्यंत 'रीसेट' किंवा फॉरमॅटला हात लावू नका आणि कारागिरालाही तसे बजावून सांगा. डिस्क काढून यूएसबी केसमधून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी फायली निघू शकतात. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर तेथेही तीच किल्ली लागते.

४) मशीनच पात्र नाही : विंडोज ११ ला टीपीएम २.०, सिक्युअर बूटची सोय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर बहुतांशी आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा, म्हणून २०१७ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप यात बसत नाहीत. मायक्रोसॉफ्टचे मोफत 'पीसी हेल्थ चेक' हे सांगते. युक्तीने ती चढवता येते, पण पुढील अपडेट मिळण्याची हमी नसते. घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली होती. त्यानंतर जुने मशीन इंटरनेटपासून तोडून नुसत्या हिशेबाला वापरणे किंवा नवे घेणे बरे.

पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी टॅलीसारख्या प्रोग्रॅमचा डेटा फोल्डर आणि बिलांच्या फायली दोन ठिकाणी उतरवा. त्यातली एक प्रत दुकानाबाहेर ठेवा. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून कालची शिल्लक जुळते का ते पाहा, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरवसा नसतो. डिस्कवर निदान २० ते २५ जीबी जागा मोकळी करा. विवरणपत्राची तारीख जवळ असताना किंवा सणाच्या गर्दीत हे काम काढू नका. नवी विंडोज चढल्यावर जुनीकडे परतण्याची सोय साधारण १० दिवसच असते. त्या मुदतीत प्रिंटर, स्कॅनर आणि हिशेबाचा प्रोग्रॅम रोज चालवून पाहा.