बॅटरी भरली की आपोआप बंद होणारा चार्जर

ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी रात्री चार्जरला लावून आपण झोपतो. ती भरल्यावरही करंट चालू राहिला, तर पाणी आटते, प्लेटा खराब होतात आणि निघालेला हायड्रोजन वायू एका ठिणगीने भडकतो.

उपाय सोपा आहे. चार्जरमध्ये झेनर डायोड, ट्रान्झिस्टर व रिले बसवावा. व्होल्टेज १४.४ ला पोचला की झेनर इशारा देतो, ट्रान्झिस्टर रिले ओढतो, करंट तुटतो. मात्र करंट तुटताच व्होल्टेज उतरतो. म्हणून पुन्हा चालू होण्याची पातळी १२.५ च्या आसपास ठेवावी. नाहीतर रिले सारखा टकटक करील.

जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. चार्जिंग मोकळ्या हवेत करावे, जवळ विडी-काडी नको.