लॅक्रॉसचा खेळाडू व्हायला किती पैसे लागतात?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन भरले आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचा समावेश झाला. आपल्याकडचे मथळे साहजिकच क्रिकेटने व्यापले. त्याच निर्णयात लॅक्रॉसही होता. १९०८ नंतर पहिल्यांदाच या खेळात ऑलिंपिक पदक मिळणार आहे. मेरीलँड, न्यू जर्सी, लाँग आयलंड, बोस्टनचा परिसर हे या खेळाचे बालेकिल्ले आहेत आणि याच पट्ट्यात मराठी कुटुंबेही बरीच आहेत. त्यामुळे सातवी-आठवीतले पोर एक दिवस जाळीची स्टिक घेऊन घरी येते आणि दोन-तीन वर्षांत ‘मला यातच पुढे जायचंय’ असे म्हणते, हे तिथल्या आईबाबांना नवे राहिलेले नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि इथे बसून नातवंडांच्या फोटोंवरून अंदाज बांधणाऱ्या आजी-आजोबांसाठीही. आकडे अमेरिकन डॉलरमध्ये आणि अंदाजे आहेत. राज्य, क्लब, वर्ष यांप्रमाणे ते बदलतील.

आधी मिळकतीचे बघू, कारण खर्चाचे निर्णय तिच्यावरूनच घ्यायचे आहेत. मैदानी लॅक्रॉसची मुख्य व्यावसायिक स्पर्धा म्हणजे प्रीमियर लॅक्रॉस लीग, म्हणजेच पीएलएल. पॉल आणि माइक रेबिल या भावांनी ती २०१८ मध्ये स्थापन केली, २०१९ च्या उन्हाळ्यात सामने सुरू झाले आणि २०२० च्या अखेरीस जुनी मेजर लीग लॅक्रॉस तिच्यात विलीन झाली. जुन्या लीगमध्ये खेळाडूला हंगामाचे सरासरी आठ हजार डॉलर मिळत. पीएलएलने सुरुवातीलाच सरासरी ३५ हजार डॉलर, आरोग्य विमा आणि लीगच्या मालकीत थोडा हिस्सा देऊ केला. खेळाडूंसाठी हे फार मोठे पाऊल होते. तरी पूर्व किनाऱ्यावरच्या शहरात नुसत्या ३५ हजारांवर घर चालत नाही.

शिवाय जागा किती? लीगमध्ये आठ संघ आहेत आणि प्रत्येक संघात पंचवीसच्या आसपास खेळाडू. म्हणजे सगळे मिळून दोनशे. कॉलेजमधून नवे खेळाडू निवडण्याचा ड्राफ्ट चार फेऱ्यांचा, म्हणजे वर्षाला ३२ नावांचा. अमेरिकेतल्या हायस्कुलांत लॅक्रॉस खेळणारी मुले एक लाखाहून जास्त आहेत.

हिवाळ्यात नॅशनल लॅक्रॉस लीग, म्हणजेच एनएलएल, असते. आइस हॉकीच्या रिंगणात बर्फाऐवजी कृत्रिम हिरवळ टाकून खेळायचा हा ‘बॉक्स’ प्रकार. नियमित हंगामात १८ सामने, तेही बहुतेक शनिवार-रविवारी. तिथले अनेक खेळाडू सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा अग्निशमन दलात हजर होतात. काही जण उन्हाळ्यात पीएलएल आणि हिवाळ्यात एनएलएल असे दोन्ही खेळतात, वर शिबिरे घेतात, मुलांना खासगी शिकवण्या देतात, कॉलेजच्या संघाला मदतनीस प्रशिक्षक म्हणून जातात. लॅक्रॉसचा व्यावसायिक खेळाडू अशी चार ठिकाणची कमाई एकत्र करून जगतो. स्वतः पॉल रेबिलचे उत्पन्न खूप मोठे झाले, पण ते मुख्यतः प्रायोजकांच्या करारांतून, सामन्याच्या मानधनातून नव्हे.

म्हणून माझे ठाम मत आहे की या खेळावरचा पैसा पुढच्या पगाराकडे बघून घालू नये. कॉलेजच्या फीकडे बघून घालतानाही हात आखडता ठेवावा. ‘स्कॉलरशिप मिळेल’ हे वाक्य क्लबच्या माहितीसभांत फार सहज उच्चारले जाते आणि पालक त्या आशेवर हजारो डॉलर भरतात, याचे मला वाईट वाटते.

त्या स्कॉलरशिपचा हिशेब असा. अनेक वर्षे डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सर्वांत वरच्या गटाच्या, पुरुष संघाला जास्तीत जास्त १२.६ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या चाळीस-पन्नास मुलांत वाटल्या जात. समान वाटप धरले तरी एकाच्या वाट्याला जेमतेम पाव. खासगी विद्यापीठाचा राहण्या-जेवणासह वार्षिक खर्च ९० हजार धरला, तर पाव शिष्यवृत्तीनंतरही साडेसदुसष्ट हजार घरातूनच जातात. २०२५ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर हे नियम बदलले. ती तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांना आता शिष्यवृत्तीच्या संख्येची मर्यादा नाही, मात्र पुरुष संघात ४८ आणि महिला संघात ३८ पेक्षा जास्त खेळाडू ठेवता येत नाहीत. परवानगी मिळाली म्हणून विद्यापीठ तेवढे पैसे देईलच असे नाही. पैसा आधी अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळतो.

कॉर्नेल, येल, प्रिन्स्टन यांसारखी आयव्ही लीगची विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, डिव्हिजन थ्रीची कॉलेजेही देत नाहीत. आयव्हीत मदत कुटुंबाच्या उत्पन्नावरून ठरते. तरीही लॅक्रॉसचा सर्वांत खरा फायदा मला अशा कॉलेजांतच दिसतो: प्रशिक्षकाने नाव सुचवले तर प्रवेशाच्या रांगेत अर्जाला वजन येते. त्यासाठी मार्क मुळात चांगले हवेत.

व्हिसाचा मुद्दा आपल्या घरांना जास्त लागू आहे. मूल एच-४ वर, म्हणजे आई किंवा वडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असेल तर फॅफ्साचा अर्ज भरून मिळणारी केंद्र सरकारची आर्थिक मदत त्याला मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर मिळू शकते. खेळाची शिष्यवृत्ती विद्यापीठ देते, ती एच-४ किंवा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरही घेता येते. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या ऐन हंगामात एफ-१ ची धावपळ. ती आधीच उरकून ठेवा. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातीचे, म्हणजे एनआयएलचे, पैसे घेता येतात. पण एच-४ किंवा एफ-१ वरच्या मुलाने असा करार केला तर व्हिसाच्या अटी मोडण्याचा धोका असतो. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय सही करू देऊ नका.

आता सामान. मुलग्यांचे महाग, मुलींचे स्वस्त. मुलांच्या खेळात शरीराची टक्कर आणि स्टिकचे फटके नियमात बसतात, म्हणून हेल्मेट, ग्लव्ह्ज, खांद्याचे आणि कोपराचे पॅड, माउथगार्ड असे सगळे लागते. शिकाऊ स्टिक ५० ते ८० डॉलरला मिळते, चांगले हेल्मेट २०० ते ३५० ला. ग्लव्ह्ज, पॅड आणि क्लीट्स धरून पहिल्या वर्षी ५०० ते ७०० डॉलर जातात. पहिल्या हंगामात २०० डॉलरची स्टिक घेऊ नका. मुलगा अटॅक खेळणार की डिफेन्स हेच अजून ठरलेले नसते. डिफेन्समध्ये गेला तर सहा फुटांपर्यंतचा लांब पोल लागतो आणि आधीची स्टिक कोपऱ्यात पडते.

ग्लव्ह्ज, कोपराचे पॅड, क्लीट्स खुशाल जुने घ्या. प्ले इट अगेन स्पोर्ट्‌ससारख्या दुकानांत निम्म्या किमतीत मिळतात. हेल्मेट आणि छातीचे संरक्षण मात्र नवेच घ्या. लॅक्रॉसचा चेंडू भरीव रबराचा, दीडशे ग्रॅमच्या थोडा आतला. तो ठरावीक क्षणी छातीवर बसला तर निरोगी मुलाचेही हृदय बंद पडू शकते. अशा मृत्यूंमुळेच ‘नॉक्सी’ या क्रीडासामानाची मानके ठरवणाऱ्या संस्थेने छातीच्या संरक्षणाचे मानक तयार केले. हायस्कूलच्या गोलीला ते २०२१ पासून आणि बाकी मुलांना २०२२ पासून सक्तीचे आहे. मोठ्या भावाचे किंवा मित्राचे जुने शोल्डर पॅड घालून चालवू नका. आणि क्लबला विचारा की हृदयाला झटका देणारे एईडी यंत्र सरावाच्या मैदानावर असते का. ते ऑफिसच्या कपाटात असून उपयोग नाही.

मुलींना स्टिक, डोळ्यांचा गॉगल, माउथगार्ड आणि क्लीट्स एवढ्यावर सुरुवात होते, साधारण १५० ते २५० डॉलरमध्ये. गोलीला वेगळे, पूर्ण सामान लागते. मुलींसाठी संधीही जास्त आहे. शिक्षणात लिंगभेद नको असे सांगणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे विद्यापीठांना अमेरिकन फुटबॉल संघाच्या मोठ्या संख्येसमोर मुलींचे संघ उभे करावे लागले. त्यात लॅक्रॉसला चांगलेच बळ मिळाले. डिव्हिजन वनमध्ये महिलांचे संघ पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. २०२५ मध्ये पीएलएलने महिलांची व्यावसायिक लीगही चार संघांनिशी सुरू केली.

सामानावरचा खर्च एकदाचा. घराचे बजेट मोडते ते ट्रॅव्हल क्लबमध्ये. शाळेच्या संघात फी नसते किंवा काहीशे डॉलर असते. क्लबची वार्षिक फी दीड हजारापासून चार हजारांपर्यंत जाते, आणि त्यात सहसा प्रवास धरलेला नसतो. उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्या राज्यात स्पर्धा. दोन रात्रींचे हॉटेल, पेट्रोल, बाहेरचे खाणे, धाकट्या भावंडाची सोय. काही स्पर्धांत आयोजकांनी ठरवलेल्याच हॉटेलात उतरण्याची सक्ती असते, म्हणजे ओळखीच्या मराठी घरी मुक्काम करून पैसे वाचवायचीही सोय नाही. वर कॉलेजच्या प्रशिक्षकांसमोर खेळून दाखवायचे ‘शोकेस’, एकेकाचे ३०० डॉलर आणि पुढे. खासगी शिकवणी तासाला शंभरच्या घरात. आठवी ते बारावी सगळे केले तर वर्षाला आठ-दहा हजार सहज लागतात.

यातले काय टाळता येते? नववीच्या आधीचे बहुतेक शोकेस. कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे लॅक्रॉसमध्ये कॉलेजचे प्रशिक्षक अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी मुलाशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत. सातवी-आठवीच्या मुलाला ‘कॉलेजच्या नजरेत आणतो’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर तिथून उठा. त्या वयात स्थानिक रेक्रिएशन लीग, तीही दोन-तीनशे डॉलरमध्ये, आणि रोज भिंतीवर चेंडू मारण्याचा सराव पुरतो. दोन्ही हातांनी अर्धा तास वॉल-बॉल केल्याने पकड बसते आणि त्याला काही खर्च नाही.

कॅनडात, विशेषतः ओंटारिओत, चित्र वेगळे आहे. ब्रॅम्प्टनसारख्या शहरांत बॉक्स लॅक्रॉसचे जुने क्लब आहेत आणि सामने जवळपासच्याच रिंगणांत होतात, त्यामुळे प्रवासाचा खर्च बराच कमी पडतो. एनएलएलचे बहुतेक खेळाडू याच वाटेने येतात.

क्लबच्या करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्या. फीत किती स्पर्धा धरल्या आहेत आणि गणवेश धरला आहे का? रक्कम हप्त्यांत भरता येते का, आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सवलत आहे का? ती अनेक क्लबांत असते, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. गेल्या तीन वर्षांत क्लबचे कोणते खेळाडू कुठल्या कॉलेजात गेले आणि त्यांतल्या किती जणांना खेळाची शिष्यवृत्ती मिळाली? दुसऱ्या आकड्याचा आग्रह धरा, पहिला सगळेच दाखवतात. आणि जानेवारीत गुडघ्याचा लिगामेंट तुटून हंगाम बुडाला तर किती पैसे परत मिळतील? त्याच वेळी घरचा आरोग्य विमा उघडून वर्षात स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त किती भरावे लागेल हा आकडा बघा, आणि तेवढी रक्कम बाजूला असेल तरच पहिला हप्ता भरा.