लस नाकारण्याचा हक्क आहे का?

प्रश्न : मुलीला गोवराची लस द्यायला सासूबाईंचा विरोध आहे. सरकार सक्ती करू शकतं का?

उत्तर : धरून-बांधून टोचता येणार नाही. जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी तसं स्पष्ट केलं. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंधांची मुभा मात्र ठेवली. पण तो निकाल कोविडचा, स्वतःच्या शरीराबद्दलचा. इथे शरीर मुलीचं, निर्णय तुमचा! त्याच वर्षी मुंबईत, गोवंडीत गोवराने लहान मुलं दगावली. नऊ महिन्यांखालच्या बाळांना एरवी ही लस देत नाहीत. त्यांची भिस्त आजूबाजूच्या टोचलेल्या मुलांवर. लसीनंतर आठवड्याभराने थोडा ताप, पुरळ येऊ शकतं. ते आपोआप ओसरतं. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. सरकारी केंद्रात दोन्ही मोफत मिळतात. जाताना सासूबाईंनाही सोबत न्या.